तापीला दुसरा काठ असतो

उजव्या हाताचा पंजा समोरच्याच्या तोंडापुढे आडवा धरायचा आणि म्हणायचं, "माले माहीत शे." समोरच्याचं वाक्य तिथेच संपायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण आमच्या भाऊंचा पंजा पाहिला नाही, तर काहीतरी राहिलं असं समजा.

भाऊंचं सुरतेतल्या गोडादऱ्यात एम्ब्रॉयडरीचं युनिट होतं आणि मी तिथे हिशेब बघते. मी मूळची धुळ्याची, ते अमळनेरकडचे, अहिराणी बोलणारे. तरुणपणी सुरतेत लूमवर कामाला लागले आणि तिथून स्वतःच्या मशीनपर्यंत पोचले. या वाटेवर "माहीत नाही" म्हणणाऱ्याला कोणी उभं करत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे ते शब्द त्यांनी तोंडातून काढूनच टाकले होते.

रस्ता विचारणं तर त्यांना भीक मागण्यासारखं वाटायचं. एकदा सुरतेबाहेर कामरेजला एका कारागिराच्या मुलीचं लग्न होतं. भाऊ वाटेत कोणालाही न विचारता गेले, भलत्याच मांडवात शिरले, नवरानवरीला आशीर्वाद दिले, पोटभर जेवले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी कारागीर रुसून बसला, तेव्हा कुठे उलगडा झाला. भाऊ म्हणाले, "जेवण चांगलं होतं पण."

पन्नाशी उलटल्यावर या माणसाने विमान चालवायचा परवाना काढला. आम्ही हसलो, त्यांच्या बायकोने अबोला धरला, पण भाऊ रात्रंदिवस अभ्यास करून पास झाले. मग दोघा मित्रांबरोबर भागीत दोन सीटांचं एक हलकं विमान घेतलं. त्यात होकायंत्र होतं, उंची दाखवणारी तबकडी होती, रेडिओ होता. वाट दाखवायला भाऊंचा टॅबलेट.

त्या टॅबलेटवर त्यांचा फार जीव. ऑफिसात तो माझ्या टेबलावर ठेवून दाखवायचे, "ही जांभळी रेघ म्हणजे आपला रस्ता. हे छोटं विमान म्हणजे आपण. डोंगर कुठे, कुठे जायला बंदी, सगळं दिसतं." आणि मग खालच्या आवाजात, जणू खरं सुख तेच, "ताई, कोणाले विचारनं पडत नाही."

होळीच्या आधीच्या आठवड्यात धुळ्याच्या एका सूत-व्यापाऱ्याशी कागदपत्रं करायची होती. "चला, विमानाने जाऊन येऊ," भाऊ म्हणाले. घरून विरोध झाला, तरी मी गेले. जाताना उकाई धरणाचं पाणी आरशासारखं चमकत होतं आणि टॅबलेटवरचं छोटं विमान जांभळ्या रेघेवरून इमानदारीने सरकत होतं. दुपारी काम संपलं. सूर्य मावळायच्या आत सुरतेला उतरणं भाग होतं, कारण त्या विमानाला अंधारात उडायची परवानगी नव्हती.

परतताना सूर्य समोर आला. टॅबलेट काचेला चिकटवलेला, त्यात चार्जिंगला लावलेला. उकाई मागे पडलं आणि थोड्याच वेळात त्याचा पडदा अंधुक झाला, मग काळा. त्यावर सूचना उमटली, उपकरण फार तापलंय, थंड होऊ द्या. भाऊंनी तो काढून माझ्या मांडीवर दिला. "वारा घाला." व्यापाऱ्याच्या सह्या घेतलेल्या फाइलीने मी टॅबलेटला वारा घालत बसले.

"फोनमध्येही तेच ॲप शे," म्हणत त्यांनी फोन उघडला. पडदा राखाडी. मधोमध एक निळा ठिपका. ना नदी, ना गाव, ना रेघ. सकाळी ॲप अपडेट झालं होतं आणि साठवलेले नकाशे त्यात पुसले गेले होते. हे आम्हाला नंतर कळलं. वर नेट कुठलं? ठिपका आम्हीच होतो, पण कुठे होतो ते सांगायला त्याच्याभोवती काहीच नव्हतं.

खाली धुरकट झालं होतं. शेतं दिसायची आणि विरघळायची. उत्तरेचा वारा होता. तो आम्हाला हळूहळू दक्षिणेला ढकलत होता, पण ते मला कळण्याचं कारण नव्हतं आणि भाऊंनी मनावर घेतलं नव्हतं.

हेडफोनमध्ये सुरत विमानतळाच्या टॉवरवरून एका मुलीचा आवाज आला. तुमची जागा सांगा. तेवढ्यात खाली ट्रकांनी भरलेला हायवे दिसला. भाऊ ठसक्यात म्हणाले, कामरेजच्या पूर्वेला.

"भाऊ, कामरेजला नदी हवी ना जवळ?" मी विचारलं.

पंजा वर आला.

हायवे गेला. मग चिखल, खाड्या, झिंग्यांची चौकोनी तळी. मग तळीही संपली. खाली नुसतं करडं पसरलेलं आणि वरही तेच करडं, मध्ये शिवण कुठेच नाही. माझे तळहात फाइलीला चिकटले होते.

"भाऊ, खाली पाणी आहे."

"तापी शे."

"भाऊ, तापीला दुसरा काठ असतो."

तेवढ्यात माझ्या बाजूने, धुरकटातून, एक जहाज दिसलं. मोठं, गंजलेलं, नांगर टाकून उभं. मी नुसतं बोट दाखवलं. भाऊंनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला.

त्यांनी घाईने विमान वळवलं. क्षितिज दिसत नव्हतं. कुठलं वर, कुठलं खाली, काही कळेना. एक पंख कलंडत गेला, नाक खाली झुकलं. "भाऊ!" मी ओरडले. त्यांनी बाहेर बघणं सोडलं, नजर तबकड्यांवर रोवली आणि मोठ्याने स्वतःलाच हुकूम दिले, "पंख सरळ. नाक वर. हळू. हळू." विमान सरळ झालं. इंधनाचा काटा खाली आला होता. समोरची काच मघापेक्षा तांबडी दिसत होती.

टॉवरवरच्या मुलीने पुन्हा जागा विचारली. भाऊंनी दांड्यावरचं बोलायचं बटण दाबलं आणि सोडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना बोलता आलं नसतं, असं तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

मग परवान्यासाठी पाठ केलेली सगळी इंग्रजी वाक्यं बाजूला ठेवून ते म्हणाले, "बेन, मुझे नहीं मालूम मैं कहाँ हूँ. नीचे समंदर है. कामरेज मैंने गलत बोला था."

मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण आवाज आला तो पाण्याचा पेला पुढे करावा तसा. "कोई बात नहीं. आपके पास कोई भी स्क्रीन चालू है?"

फोन चालू होता. राखाडी पडद्याच्या तळाशी बारीक आकडे होते, अक्षांश आणि रेखांश. नकाशा गेला तरी ठिपक्याने आपला पत्ता सोडला नव्हता. भाऊंचे दोन्ही हात विमानात गुंतलेले, म्हणून त्यांनी अंगठ्याने दांड्यावरचं बटण दाबून धरलं आणि मी आकडे वाचले. एक चुकला, परत वाचला. तिने ते मला शांतपणे म्हणून दाखवले, मग होकायंत्रावर कुठल्या दिशेला नाक धरायचं ते भाऊंना सांगितलं. भाऊंनी शाळेतल्या मुलासारखं ते परत म्हटलं.

त्यानंतर ती सारखी विचारत राहिली, क्या दिख रहा है? मी सांगत राहिले. पाणी. अजून पाणीच. मग, चिखल. डावीकडे काहीतरी उभं आहे, धूर आहे. "कारखान्यांच्या चिमण्या!" भाऊ ओरडले, "हजीरा शे!" आणि लगेच आवाज खाली आणून बटण दाबलं, "बेन, मुझे लगता है हजीरा है. आप देखके बोलिए."

धावपट्टीचे दिवे दिसले तेव्हा सूर्याची नुसती कड उरली होती. विमान उतरलं, थांबलं, पंखा थांबला. भाऊंची बोटं दांड्यावरून निघेनात. मी ती एकेक करून सोडवली.

पुढे चौकशी झाली. ओळखीचे एक जण म्हणाले, टॅबलेट बंद पडला एवढंच लिहा, विषय संपेल. भाऊ म्हणाले, "टॅबलेट बंद पडला हे खरं. पण कामरेज तो नाही बोलला." सगळं जसंच्या तसं लिहून दिलं. त्यांचं उडणं थांबवलं गेलं, मुलीच्या वयाच्या प्रशिक्षिकेजवळ बसून पुन्हा तपासण्या द्याव्या लागल्या. त्या त्यांनी मुकाट दिल्या आणि पुन्हा उडायला लागले. टॅबलेटला सावलीची जागा केली, नकाशे आदल्या दिवशी उघडून बघायला लागले, आणि टॉवरला तर इतकं विचारायचे, की मित्र चिडवायचे, भाऊ आता दरवाजा कुठे आहे तेही विचारतील.

माणूस पूर्ण बदलला असं मात्र समजू नका. ऑफिसात आमच्यासमोर पंजा तसाच वर यायचा.

गेल्या हिवाळ्यात युनिटमध्येच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्याच्या वाटेवर ते गेले.

तेराव्याला गोडादऱ्याच्या घरी पंगती चालल्या होत्या. दारात एक मुलगी उभी होती, साधा पांढरा कुर्ता, हातात चपला. "नमस्ते. ये उन्हीं का घर है ना?" एवढंच बोलली, आणि मी हातातलं ताट खाली ठेवलं. तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण हेडफोनमधला तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

मी तिला भाऊंच्या हार घातलेल्या फोटोपाशी नेलं. तिने हात जोडले. म्हणाली, दर दिवाळीला ते फोन करायचे, पण भेट कधी झालीच नाही. आज पहिल्यांदा पाहतेय. "आवाज़ से तो बहुत लंबे लगते थे."

"लंबे?" मी म्हटलं. "विमानात बसताना खाली उशी घ्यायचे. नाहीतर समोरचं दिसायचं नाही त्यांना."

ती एकदम हसली. घर दुखवट्याचं आहे हे लक्षात येऊन तिने ओढणी तोंडावर धरली. ओढणी पुष्कळ वेळ तशीच होती. मग भाऊंच्या बायकोने तिला हाताला धरून पंगतीला बसवलं आणि स्वतःच्या हाताने वाढलं.