भिंतीआडचा माणूस

नवरा गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा ऑपरेटरबाईंनी वाचनालयातल्या वाचकगटात नाव घातलं. उभी हयात टेलिफोन कचेरीत कानाला हेडफोन लावून त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली होती. आता त्यांच्या स्वतःच्या फोनवर एकुलत्या मुलाशिवाय कोणाचं नाव उमटत नसे, आणि तो मुलगा समुद्रापलीकडे.

त्या महिन्यात गटाने एक जुनी, गाजलेली कादंबरी घेतली होती. तिच्यातल्या शहरात प्रत्येक घराच्या भिंतीआड सरकारने एक माणूस बसवलेला असतो. घरातलं बोलणं, खोकणं, झोपेतलं बरळणं, सगळं ऐकून तो वर कळवत असतो.

"वाचताना अंगावर काटा आला," गटातले निवृत्त वकील म्हणाले. "स्वतःच्या घरात उसासा टाकायची चोरी!"

"मी तर पलंग भिंतीपासून लांब ओढला," दातांची डॉक्टरीण म्हणाली. सगळे हसले. "मावशी, तुम्ही आज तोंडात गुळणी धरून का बसलात?"

बाई चाचरल्या. "मला तो भिंतीआडचा माणूस आवडला."

"अहो, हेर आहे तो!"

"असू दे की. पण पुस्तकातल्या त्या म्हातारीला ताप भरतो, तेव्हा ते त्या एकट्यालाच कळतं ना?"

पुन्हा हशा पिकला. आपलं म्हणणं नीट सांगावं म्हणून बाई बोलत गेल्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत मुलाने कॅमेरा बसवला होता. आई पडलीबिडली तर तिकडून दिसावं म्हणून. सकाळी वेणीफणी केल्याशिवाय त्या त्याच्यासमोर जात नसत. बाजारातून आल्यावर काय काय आणलं ते त्याला सांगत.

वकिलांचा पारा चढला. "काढून टाका तो! तुमच्याच घरात तुमच्यावर पाळत?"

"मुलाला स्पष्ट सांगा, मावशी," डॉक्टरीण म्हणाली.

सगळे इतके हिरिरीने बोलू लागले, की आपण लेकाची चहाडी केली की काय, असं बाईंना वाटलं. मुलाला विचारते, म्हणाल्या.

रविवारी मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विषय काढला. "अरे, तो कॅमेरा काढला तर तुला वाईट नाही ना वाटणार?"

"कुठला कॅमेरा? अच्छा, तो होय! अगं आई, नवा फोन घेतल्यापासून ते ॲप मी टाकलंच नाही. खुशाल काढ. तू ठणठणीत आहेस ना?"

"ठणठणीत."

"मग झालं तर."

नवा फोन त्याने गेल्या हिवाळ्यात घेतला होता. त्यानंतरच बाई तापाने फणफणल्या होत्या. शाल पांघरून, खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढून त्या दिवसभर बसून राहिल्या होत्या. फोन काही वाजला नव्हता. बघितलं असेल त्याने, कामात अडकला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. आणि ताप उतरल्यावर, त्याला घोर नको म्हणून, कॅमेऱ्याकडे बघून हसल्याही होत्या.

दोन दिवसांनी त्यांनी वायरमनला बोलावलं.

"चांगला चालू आहे की हो, आजी. का काढताय?"

"नको आता," बाई म्हणाल्या आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या. चहा होईपर्यंत त्याचं काम आटोपलं होतं. उभ्याउभ्याच दोन घोट घेऊन तो निघून गेला.

पुढच्या बैठकीत डॉक्टरणीने पहिलाच प्रश्न केला, "काढला का?"

"काढला."

टाळ्या पडल्या. "शाब्बास! याला म्हणतात वाचन," वकील म्हणाले. झालं ते सांगून टाकावं असं बाईंच्या मनात आलं होतं, पण तोवर वकिलांनी नवीन पुस्तक उघडलंही होतं. "सुरुवात कोण वाचून दाखवतंय?"

"मी वाचते," बाई घाईने म्हणाल्या.

त्यांनी जीव ओतून वाचायला घेतलं. पण कितीतरी दिवसांत इतकं सलग बोलणं झालं नव्हतं. दुसऱ्याच पानावर घसा बसला.

"पाणी घ्या, मावशी," डॉक्टरीण मायेने म्हणाली. त्यांच्या हातातलं पुस्तक तिने अलगद काढून घेतलं आणि पुढचं ती स्वतःच वाचू लागली.