तराफ्याचा पुरावा

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या गॅरेजचं शटर वर गेल्याचा आवाज आला, शटर काही दिसलं नाही. अशा थंडीत मेण हटवादी होतं. सुरी लावली की कापलं जायच्या ऐवजी त्याचे टवके उडतात. कवळ्या बनवायच्या त्या लांबट, निमुळत्या खोलीत पुरावेकाका स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवत होते आणि प्लास्टरच्या एका जबड्यावर मेणात दात बसवत होते. आधी समोरचे, मग सुळे, मग दाढा. जबडा बाईचा की बाप्याचा, त्यांना ठाऊक नव्हतं. दवाखान्यातून ठसा यायचा, इथून कवळी जायची. तोंड कधी येत नसे.

"काका, दात एवढे आवळून का बसलाय? कवळीचे नव्हे, तुमचे," पॉलिशवाली मोटरच्या घरघरीतून ओरडली. तयार कवळ्यांना झिलई देणं हे तिचं काम. त्या कामासोबत काकांना डिवचणं फुकट.

"त्या बाईनं पुन्हा बदल केला."

पॉलिशवालीनं मोटर बंद केली. बाईची भानगड असल्या घरघरीत कोण ऐकणार? "कुठल्या बाईनं?"

"टेकडीवरच्या."

काकांचं पुरावेकाका हे नाव बायकोनंच पाडलं होतं. दूध नासलंय म्हटलं तरी हा माणूस आधी पातेल्यात डोकावणार. लग्न जमवताना मुलगी स्वभावानं गरीब आहे असं कोणीतरी सांगितलं, तर यांनी विचारलं होतं, "कशावरून?" ते कशावरून अजून सिद्ध झालेलं नाही, असं बायको स्वतःच चारचौघांत सांगते.

काही वर्षांमागे काकांचा पाय मोडला आणि ते अंथरुणाला खिळले. वेळ जाईना म्हणून इंटरनेटवरच्या आपल्या भाषेतल्या ज्ञानकोशात 'कुठलंही पान' या बटणावर बोट मारत बसले. एकदा थायलंडच्या एका डोंगराळ प्रांताचं पान आलं. जेमतेम तीन ओळी, त्यातली एक शेजारच्या प्रांताची. रस्त्यात सोडून दिलेल्या पोरासारखं ते पान. काकांनी ती चुकीची ओळ काढली आणि तिथंच अडकले. पाय बरा झाला, नाद सुटला नाही. नद्या, डोंगर, पाऊस, पिकं, शाळा, एकेक वाक्य त्यांनी घातलं आणि प्रत्येक वाक्याखाली पुराव्याच्या तळटीपेचा आकडा टाचला. थाई अक्षरं गिरवून गिरवून ओळखू लागले. शब्दकोश घेऊन तिकडचा अहवाल असा उकलायचे, जसा कोणी दगडाच्या फटीतून मुंगळा काढतो. पासपोर्ट मात्र त्यांच्याकडे कधीच नव्हता.

आता त्या पानाला एकच गोष्ट मिळायची राहिली होती. 'उत्तम लेख' हा तारा. दोनदा अर्ज केला, दोनदा फोटो नाहीत म्हणून परत आला. तिसऱ्यांदा केला आणि नेमकी तेव्हाच ही अवतरली. नाव घेतलं होतं 'टेकडीवरची'. आपलीच भाषा बोलणारी बाई, नोकरीसाठी तिकडे गेलेली, त्याच प्रांतात शाळेत शिकवत होती. आल्या आल्या तिनं चौदा फोटो चढवले. नदी, बाजार, धुक्यातली टेकडी, खिडकीतून दिसणारी आणखी एक टेकडी. चर्चेच्या पानावर लोक तिच्याभोवती गोळा झाले. ताई, तिकडे थंडी कितपत असते? ताई, रस्ते कसे आहेत? हेच लोक कालपरवापर्यंत काकांना सर म्हणून विचारत होते.

"तिच्या खिडकीतून टेकडी दिसते म्हणून ती शहाणी का?" काका घरी म्हणाले.

"दिसते तर दिसते बिचारीला," बायको म्हणाली. "तुमचं का पोट दुखतंय? आधी त्या प्रांताची सवत होती माझ्या उरावर, आता सवतीला सवत आली. बरं झालं."

भांडण पेटलं ते तराफ्यावरून. काकांचा सगळ्यात लाडका परिच्छेद तो होता. नदीला आडवा दोर बांधलाय, त्या दोराच्या आधारानं माणसं, मोटारी, म्हशी असा सगळा संसार लाकडी तराफ्यावरून पैलतीरी जातो. सहा पुरावे होते त्याला. टेकडीवरचीनं तो खोडून लिहिलं, 'पूल झाल्यापासून तराफा बंद आहे.' काकांनी जुनं वाक्य परत घातलं आणि खाली विचारलं, "पुरावा?"

ती म्हणाली, "सर, मी रोज त्या पुलावरून शाळेत जाते."

"आपण जाता हा पुरावा नव्हे. छापील काही असल्यास द्यावे."

तिनं पुलाचा फोटो टाकला. काकांनी लिहिलं, "फोटोत पूल दिसतो. तराफा बंद झाल्याचे दिसत नाही." हे लिहून झाल्यावर आठवडाभरात पहिल्यांदा त्यांना जेवण गोड लागलं.

शेवटी ज्यांच्या हातात तारा होता त्या परीक्षकांनी मध्ये पडून निकाल दिला. रविवारपर्यंत छापील पुरावा आला तर पूल, नाही तर नियमाप्रमाणे तराफा राहील; वाद मिटला की पान ताऱ्याला पात्र ठरेल. म्हणजे काकांनी नुसतं गप्प बसायचं होतं.

पण गप्प बसेल तो पुरावेकाका कसला! तराफा चालू असल्याचा सातवा पुरावा काढून त्या बाईचं तोंड कायमचं बंद करायचं, म्हणून ते संध्याकाळी तिकडच्या एका स्थानिक वर्तमानपत्राची जुनी पानं उपसत बसले. पानं म्हणजे नुसते फोटो, तेही तिरपे. यंत्राला भाषांतर जमेना म्हणून अक्षर अक्षर लावत गेले. आणि सापडलं. पुलाचं उद्घाटन. फीत कापणारा कोणी अधिकारी, बाजूला तराफ्याचा म्हातारा मालक, आणि खाली स्पष्ट लिहिलेलं की आजपासून तराफा बंद.

काकांनी ते पुन्हा वाचलं. मग संगणकच बंद केला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. डोळे दुखतात."

दुसऱ्या दिवशी मेणावर हात चालेना. एक सुळा तिरका बसला, काढला, पुन्हा तिरका बसला. पॉलिशवालीनं पाहिलं. "बोला आता. कवळी वाकडी गेली तर शिव्या मला पडतात."

काकांनी सांगून टाकलं. मग आवाज चढवून म्हणाले, "कोण विचारतंय? ती आणेल तर आणू दे. मी का तिची हमाली करू? इतकी वर्षं मी हाडं झिजवली आणि तिनं खिडकी उघडली की झालं!"

"मग नका सांगू."

"नाहीच सांगणार."

"पण ती तिथंच राहते ना? तिकडचंच वर्तमानपत्र. दुकानातून आणेल, तुमच्या तोंडावर टाकेल. पुलाची बातमी तिच्या नावावर, आणि तुम्ही तराफ्यावर." पॉलिशवालीनं कवळी उजेडात धरून पाहिली. "मला काय करायचंय म्हणा."

काकांचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडला. आपण शोधलेला पुरावा, आपल्या प्रांताचा, आणि तो तिच्या नावानं झळकणार! सुरी तशीच दिव्याजवळ टाकून ते कोपऱ्यातल्या हिशेबाच्या संगणकाकडे धावले. तराफ्याचा परिच्छेद त्यांनी स्वतःच्या हातानं भूतकाळात नेला, 'चालतो'चं 'चालत असे' केलं, पुलाचं वाक्य घातलं, खाली वर्तमानपत्राचा आकडा टाचला आणि आपलं नाव दोनदा तपासलं. मागून जळका वास आला. सुरीची लाकडी मूठ.

रविवारी सकाळी तारा मिळाला. लहानसा, सोनेरी, पानाच्या कोपऱ्यात. काका हसलेसुद्धा. मग त्यांनी परीक्षकांचा शेरा वाचला. 'टेकडीवरची यांनी दाखवलेली चूक आणि ज्येष्ठ संपादकांनी दिलेला संदर्भ, दोन्हींमुळे लेख सिद्ध झाला.' तिचं नाव आधी. त्याखाली तिचा निरोप होता.

'सर, मनापासून आभार. मला हे कधीच सापडलं नसतं. मला इथली भाषा बोलता येते, वाचता येत नाही. दुकानाच्या पाट्यासुद्धा मुलांना विचारते. तुम्ही इथे कधी आलात तर मी तुम्हाला पुलावरून नेईन.'



"वाचताच येत नाही तिला!" काका ओरडले. "अगं, ऐकलंस का? तिला वाचताच येत नाही! जन्मात सापडलं नसतं तिला! मीच घाई केली!"

"म्हणजे मिळाला ना तारा?" बायको बाल्कनीतून म्हणाली.

"मिळाला. आणि वर म्हणते नेईन. मला! माझ्या प्रांतात मला ही नेणार! कुठल्या गावाला कुठून रस्ता फुटतो हे तिला मी सांगेन."

"मग जा की एकदा."

"पुलावरून?" काका म्हणाले. "आता तिथं उरलंय काय? येताजाता तीच भेटायची."

"अहो, जळायचं ते नंतर जळा. ही चादर पिळायची राहिलीय, एकटीला आवरत नाही. ते टोक धरा."

काका उठले. चादरीचं ओलं टोक हातात घेतलं आणि उजवीकडे पीळ द्यायला लागले.

"तिकडे नाही, उलटं," बायको म्हणाली.