तीन दिवसांचा अबोला

अमानवीय म्हणतात तशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पनवेलच्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत आले. जे तपासता येत नाही त्याविषयी बोलू नये, ही सवय. म्हणून हे लिहायला दहा वर्षं लागली... शिवाय यात भीतीपेक्षा लाज अधिक आहे.

वडाळे तलावाच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. मुलगी मुक्ता तेव्हा नऊ वर्षांची. तिच्यावर मी कधी हात उगारला नाही, हे मी अभिमानाने सांगत असे. मी अबोला धरत असे. एका रविवारी पाहुण्यांसमोर ती सहज म्हणून गेली, "आई घरी अशी हसत नाही." पाहुणे गेल्यावर तिच्यादेखत मी नवऱ्याला म्हटलं, "मला मुलगी नाही." तेव्हापासून मी दोनच ताटं वाढू लागले. तिसरं ती मुकाट्याने स्वतः घ्यायची.

बुधवारी सकाळी शाळेच्या व्हॅनचे जनाकाका धापा टाकत वर आले. मूळचे कोन गावचे; मुक्ताला लाडाने कलेक्टरीणबाई म्हणायचे. ती दप्तर अडकवून दारातच, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"मॅडम, पोर येनार नाय का आज? कवाचा हॉर्न मारतोय."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"काका, मी इथंच आहे," मुक्ता म्हणाली.

त्यांनी तिच्या डोक्यावरून आत पाहिलं. "कालपन नाय आली. आजारी हाय का?"

काल तिला व्हॅनमध्ये चढताना मी स्वतः गॅलरीतून पाहिलं होतं.

आणि तरीही... मी बोलले नाही. फक्त एक नाव उच्चारायचं होतं. पण मग मी हरले असते. काका मान हलवत जिना उतरू लागले.

मुक्ता रडली नाही. दप्तर खाली ठेवून, जणू माझीच समजूत काढत म्हणाली, "काल बाईंनापण मी दिसले नाही. तू बोललीस की दिसेन बहुतेक."

"मुक्ता," मी म्हणाले. पुन्हा म्हणाले.

जिन्यातली पावलं थांबली, परत वर आली. "आगं कलेक्टरीणबाई, हितंच तर उभी हायेस! चल, उशीर झाला."

नंतर मी शाळेत जाऊन हजेरीपट पाहिला. मंगळवारी मुक्ता गैरहजर होती. तिच्या वहीत मात्र मंगळवारचा वर्गातला पूर्ण धडा होता, तिच्याच अक्षरात. नवरा याला योगायोग म्हणतो. मला काहीच म्हणता येत नाही.

त्यानंतर मी अबोला धरला नाही. त्याचं श्रेय मी घेत नाही. मी सुधारले नव्हते, घाबरले होते.

मुक्ता आता पुण्याला शिकते. सुट्टीत घरी आली की बेल वाजवून बाहेरच थांबते, मी आतून नावाने हाक मारेपर्यंत. घराची किल्ली तिच्या हातात असते.