पास्त्यावर आमरस

मैत्रिणींनो, आज दुपारी आमच्या प्रताप नगरच्या घरात जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सासरे गेल्यावर सासूबाईंना गावाकडून, कुहीहून, आमच्याकडे आणलं, तेव्हापासून त्यांची भूकच मेली होती. वरणभात, झुणका, भाकरी, सगळं करून पाहिलं. दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या.

आज मुलीसाठी पास्ता करत होते. सॉसची पाकिटं मी कधीच बंद केलीत. लसूण, टमाटर, तळलेली वांगी आणि ऑलिव्ह ऑइल, बस. पास्ता उकडून चाळणीत निथळत ठेवला आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले.

खाली आले तर चाळणी अर्धी रिकामी. सासूबाई टेबलाशी बसून पास्त्यावर फ्रिजमधला आमरस घेऊन खात होत्या.

"सरगुंडे कवा केले वं? मले सांगितलंबी नाही."

आमच्याकडे उन्हाळ्यात काडीवर कणीक गुंडाळून सरगुंडे करतात आणि उकडून आमरसासोबत खातात. दिसतातही साधारण या पास्त्यासारखेच, पोकळ नळ्यांसारखे. मी गुपचूप आणखी रस वाढला.

ताट पुसून खाल्ल्यावर त्या म्हणाल्या, "मीठ जरा जास्त झालं. काड्या आन, मी शिकवतो तुले."

वांग्याचा सॉस मुलीने पोळीसोबत संपवला. मी ओट्याला टेकून किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तुम्हीच सांगा, तो पास्ता होता हे सासूबाईंना सांगायलाच हवं का? मी तर काड्या आणायला निघाले आहे.