गोल झाल्यावर वाल्दो

वाल्दो गोल करायचा आणि लगेच माफी मागितल्यासारखे दोन्ही हात वर करायचा. तळवे समोरच्या टीमकडे, मान किंचित खाली. नाचणं नाही, ओरडणं नाही, कुणाच्या अंगावर उडी नाही. ॲन आर्बरच्या आमच्या हॉस्पिटलमागे, पार्किंगच्या पलीकडच्या गवतावर, बर्फ नसेल तेव्हा दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दहा-बारा जण फुटबॉल खेळायचो. दोन-तीन नर्स, एक्स-रे विभागातले काही, आणि लॅबमधला मी. पोटं सुटलेली, दम जेमतेम वीस मिनिटांचा. चुकून एखादा गोल झालाच तर आम्ही वर्ल्ड कप जिंकल्यासारखे बोंबलत धावत सुटायचो. आणि ज्याला खरोखर खेळता यायचं, तो हात वर करून मुकाट उभा.

वाल्दो पॅराग्वेचा. वय साठीला टेकलेलं, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वॉर्डांमधून रक्ताचे नमुने ट्रॉलीवर घालून आमच्या लॅबमध्ये पोचवणं हे त्याचं काम. सुरुवातीची दोन वर्षं मी त्याला 'ट्रॉलीवाला' म्हणूनच ओळखत होतो, हे लिहिताना लाज वाटते. हा माणूस अर्धं आयुष्य व्यावसायिक स्ट्रायकर होता, चार देशांतल्या नऊ क्लबांकडून खेळला होता, हे मला एका नर्सने सांगितलं. त्याला विचारलं, तर म्हणाला, "स्ट्रायकर म्हणजे काय डॉक्टर, योग्य वेळेला योग्य जागी पोचायचं. अजूनही तेच करतो." आणि नमुन्यांचा ट्रे माझ्यापुढे सरकवला. एकदा लिफ्ट बंद पडली, तेव्हा त्या गुडघ्यानिशी तो ट्रे हातात घेऊन चार मजले चढून आला होता, आणि तरीही वेळेवर.

मी डॉक्टर नाही, नुसती पीएचडी आहे, हे त्याला अनेकदा सांगून झालं. त्याच्यावर परिणाम शून्य.

शेवटी एका शुक्रवारी न राहवून विचारलं, "गोल केलास की हे हात काय वर करतोस? पोलिसांनी धरल्यासारखे?"

"आमची रीत आहे. जुन्या क्लबविरुद्ध गोल केला, तर सेलिब्रेट करायचं नाही. ज्यांनी जेवू घातलं, त्यांच्या तोंडावर नाचायचं नसतं."

"पण आम्ही कुठे तुझा जुना क्लब?"

"टीम दर आठवड्याला नव्या पाडतोस ना? मागच्या शुक्रवारी तू माझ्याच टीममध्ये होतास."

त्याचं म्हणणं बिनचूक होतं. त्या न्यायाने त्याला आमच्यात कधीच नाचता येणार नव्हतं. मी पोट धरून हसलो. तो नाही हसला.

या रीतीमागची गोष्ट त्याने पुढे कधीतरी कॅन्टीनमध्ये सांगितली. बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या त्यांच्याकडच्या चहासारख्या पाल्याचं पाणी तो धातूच्या नळीने ओढत बसला होता. त्याचा पहिला क्लब त्याच्याच गावचा. वडील लवकर गेले, तेव्हा क्लबच्या स्वयंपाकघरात तो दोन्ही वेळ जेवला. पायातले पहिले बूटही त्यांचेच. पुढे राजधानीतल्या मोठ्या क्लबने त्याला घेतलं. आणि मोसमाच्या शेवटच्या सामन्यात समोर नेमका गावचा क्लब. गावचे हरले तर लीगच्या खालच्या श्रेणीत जाणार. शेवटच्या मिनिटांत चेंडू वाल्दोच्या पायात आला. समोर गोलकीपर, लहानपणचा मित्र.

"एक क्षण वाटलं, बाहेर मारावा," तो म्हणाला.

"मग?"

"आत मारला. चुकवला असता तर नव्या शर्टाशी बेइमानी झाली असती. आणि चेंडू आत मारायला मला शिकवलं कुणी? त्यांनीच."

त्याने हात वर केले. गावचा क्लब खाली गेला. दुसऱ्या दिवशी तो आईला भेटायला गावी गेला, आणि जीव मुठीत धरून कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला शिरला. बेकरीवाल्याने पाव कागदात गुंडाळून दिला आणि म्हणाला, "गोल पाहिला. हातही पाहिले."

ही गोष्ट ऐकताना मला ठाऊक नव्हतं, की ती माझ्याच कामी येणार आहे.

माझं ग्रीन कार्ड जुनं झालं होतं. बायको, प्रज्ञा, वर्षभर मागे लागली होती. "फॉर्म सबमिट कर ना यार! मुलीचं कॉलेज, तुझी ग्रँट, सगळं इझी होईल." पटत होतं. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की भारताचं सोडावं लागतं, आणि माझे वडील नागपूरला होते. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दर प्रजासत्ताक दिनी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात संविधानाची उद्देशिका तेच मोठ्याने वाचतात. त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. "या पुस्तकानं आपल्याले नागरिक केलं," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. त्या माणसाला, मी ते नागरिकत्व परत करतोय, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? फॉर्म भरला, मुलाखत झाली, शपथेची तारीख आली. बाबांना काहीच माहीत नव्हतं.

वाल्दोने एका सकाळी ट्रॉली थांबवली. "चेहरा असा का?" मी सगळं सांगितलं.

"गोल करायचाय की नाही?"

"करायचाय."

"मग कर. पण पाठ फिरवून नको. त्यांच्याकडे तोंड करून हात वर कर. आणि आधी सांग, डॉक्टर. मी गाव सोडून मोठ्या क्लबात चाललो, हे माझ्या आईला रेडिओवरून कळलं. तेवढं माझं चुकलं."

त्याच संध्याकाळी फोन केला. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "काऊन?" एवढंच विचारलं. मी कारणं सांगितली. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. रविवारचा त्यांचा फोन कधी चुकायचा नाही. तो आला नाही. पुढच्या रविवारीही नाही.

शपथ डेट्रॉइटला होती. वाल्दो रजा काढून, टाय लावून आला. शपथ झाल्यावर सगळे छोटे झेंडे हलवू लागले. मुलीने फोन धरला. "बाबा, स्माइल!" माझे दोन्ही हात आपोआप वर गेले, तळवे पुढे.

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग? लोक बघतायत!"

फोटो पाहिला तेव्हा कळलं, माझ्यामागे वाल्दोही तसाच उभा होता. तो फोटो मी बाबांना पाठवला. खाली चार ओळींत ही रीत लिहिली. उत्तर आलं नाही.

दोन आठवड्यांनी वाल्दो कायमचा मायदेशी निघाला. गावी बहीण एकटी होती, आणि त्याच जुन्या क्लबने पोरांना शिकवायला बोलावलं होतं. त्याच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी मी घरातून निघतच होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"तो मागं उभा हाये, तो कोण?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं.

"त्यानं शिकवलं तुले हे?"

"हो."

मग म्हणाले, "त्याले माझा जय भीम सांग." आणि थोडं थांबून, "तू काही खाल्लं का सकायपासून?"

मी खाल्लं नव्हतं. खाल्लं म्हणून सांगितलं.

त्या दुपारी वाल्दो आमच्या विरुद्ध होता. शेवटच्या मिनिटाला त्याने गोल केला आणि नेहमीसारखे हात वर केले. मी त्याच्यापाशी गेलो. "माझ्या वडिलांनी तुला जय भीम सांगितलाय."

"म्हणजे काय?"

"आमच्यात आपल्या माणसाला म्हणतात."

तो क्षणभर तसाच उभा राहिला, हात हवेतच. मग शर्ट डोक्यावर ओढून, ऑपरेशन झालेल्या त्या गुडघ्यासकट, तो ओरडत अख्ख्या गवतावर धावत सुटला, आणि शेवटी माझ्या अंगावर उडी मारून मला घेऊन पडला.