पूर्णेच्या बेटावरचा कोळसा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. सर्वेच्या कारकुनाला उन्हातान्हात एवढी धूळ खावी लागते, की भुतासाठी सवडच उरत नाही. तरीही हे लिहितोय... वाचकांपैकी कुणाला उलगडलं तर मला सांगावं.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. दर्यापूरच्या खालच्या अंगाला पूर्णेच्या पात्रात एक बेट आहे. आधी तिकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. भाव चढले आणि दोन्ही काठांवरची गावं बेटासाठी भांडायला उठली! तिथं शेत कसत होती अलीकडच्या गावची एकटी गिरजाबाई. बेट पलीकडच्या गावाचं ठरलं, की तिचं शेत गेलंच.

शिवेचा दगड पुरात वाहून गेलेला. साक्षी लिहून लिहून मी पार कंटाळलो होतो. प्रत्येक जण शपथेवर नवीन शीव सांगायचा. शेवटी गिरजाबाईनं आमच्या गोऱ्या साहेबांना बेटाच्या पलीकडच्या कडेला आणलं.

"सायेब, दगड गेला, पन त्याच्याखालचा कोयसा कुठी जाते? मले सासऱ्यानं जागा दाखवली व्हती. खंदा अठी."

जुने लोक शिवेच्या दगडाखाली कोळसा पुरत, कारण तो मातीत सडत नाही. साहेबांनाही हा पुरावा मान्य होता.

भर दुपारी खणायला घेतलं. मी खड्ड्याशीच उभा होतो. माती घट्ट बसलेली, मध्ये बाभळीचं मांडीएवढं मूळ आडवं. ते कुऱ्हाडीनं तोडलं, आणि त्याखाली कोळसा निघाला! गिरजाबाईनं हात जोडले. मलाही हायसं वाटलं — सुटलो एकदाचे.

साहेबांनी एक तुकडा उचलला आणि ओरडून टाकून दिला. मी वाकून फुंकर घातली... आत लालबुंद निखारा.

"कल का है! झूठा सबूत!" साहेब कडाडले.

"साहेब, ते मूळ तरी बघा, त्याच्याखाली काल कुणी कोळसा पुरेल कसा—"

त्यांनी बघितलं नाही. भाजलेल्या बोटांवर पाणी घेत निकाल सांगून टाकला: बेट पलीकडच्या गावाचं. त्यांचा तरी काय दोष म्हणा, जुना कोळसा कधी पेटता निघतो का?

गिरजाबाई खड्ड्याशीच बसून राहिली.

"भाऊ, खरा व्हता न तो? मंग गरम काहून निंगाला?"

इतकी वर्षं मी त्याचाच विचार करतोय. तो कोळसा थंड निघाला असता, तर बाई जिंकली असती. एवढंच मला कळतं.