मोहाखालची हाक

नाशिकहून आलेली माझी नणंद दोन दिवस एकच पाढा घोकत होती: एका वायनरीपासून दुसरीपर्यंत कसा झकास रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, जागोजागी घोटभर चव. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आमच्याकडे मोहाची वाट आहे. उद्या पहाटे चल." नदीपलीकडे गडचिरोलीत दारूबंदी, म्हणून आमच्या ऊर्जानगरहून मूल, सिंदेवाही या गावांवरून अलीकडूनच फिरवायचं ठरवलं. तरी चव घ्यायची ती मोहाच्या दारूची नाही, फुलांची.

उजाडता उजाडता एका गावाबाहेर थांबलो. ओळखीच्या एक बाई चौघींना घेऊन मोहफुलं वेचत होत्या. या झाडीत वाघ फिरतो आणि वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. म्हणून इथे अधूनमधून एकीने हाक मारायची आणि बाकीच्या प्रत्येकीने ओ द्यायची. ओ आली नाही की काम टाकून सगळ्यांनी धावायचं, तेही मिळून.

"तिले सांगून ठेव," बाई म्हणाल्या. मी मान डोलावली. तेवढ्यात नणंदेने एक फूल चाखलं आणि नाक मुरडलं. "वास जरा उग्रच आहे, नाही?"

मला राग आला. मी तिला सांगितलंच नाही. म्हटलं, बायकांनी झापलं की उतरेल तोरा.

बाईंनी हाक मारली. चौघींनी ओ दिली, मी दिली. नणंदेची आली नाही. मी गालातल्या गालात हसत मान वर केली, तर ती कुठेच दिसेना. गाडीतही नव्हती.

कुणाला काही न सांगता मी एकटीच झाडीत धावले. पायवाटेच्या धुळीत पंजा उमटलेला होता, अगदी ताजा. मी जागीच थिजले. माझ्या मेलीच्या रागापायी तिचा जीव गेला, एवढंच डोक्यात घुमत होतं. त्यातही नवऱ्याला काय तोंड दाखवू हे आधी सुचलं, त्याची आणखी लाज वाटली.

"बाई वो! कुठी हायेस?" मागून बायका मला हाका मारत होत्या. मला ओ द्यायचंही सुचलं नाही.

मग पाचोळा वाजला. माझ्याच दिशेने. मी डोळे मिटले.

"वहिनी!"

नणंद होती, हातात काठी, मागे सगळ्या बायका. एका जाड बुंध्यामागे ती व्हिडिओ काढत बसली होती, तिथेच बायकांना सापडली. मला मिठी मारून ती हमसून हमसून रडली. बाई माझ्यावर खेकसल्या, "एकटी काऊन आली? तुले तं मालूम हाये! अन् ओ काऊन नाई देली?"

गाडीपाशी आल्यावर नणंदेने माझ्या नवऱ्याला फोन लावला. "दादा, चूक माझीच. हाकेला ओ द्यायची असते, मला ठाऊकच नव्हतं. वहिनी एकटी धावली रे माझ्यासाठी!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीची चावी शोधत राहिले.

लग्नकार्यात ती अजून ही गोष्ट रंगवून सांगते, मला जवळ ओढून. मी तिला खरं काय ते आजवर सांगितलेलं नाही.